अक्कांच्या परसातलं लोंगन

नसीमभाभींचा फोन आला तेव्हा सातवीचा चित्रकलेचा तास चालू होता. टेबलावर एक माठ आणि त्याच्या पायाशी दोन पेरू ठेवले होते. पोरं माना वाकवून माठाची गोलाई कागदावर बसवण्याच्या खटपटीत होती. वर्गात फोन घ्यायचा नसतो. पण धुळ्याहून भाभी अशा शाळेच्या वेळी उगाच फोन करणार नाहीत, म्हणून मी व्हरांड्यात आलो. त्या म्हणाल्या, “भाई, अक्का गयी... धूप में खाट पे बैठी थी. मैंने दीवार के इस बाजू से आवाज दी, चाय लाऊं क्या करके... बोलीच नहीं.”

मुख्याध्यापकांना सांगायला गेलो तर त्यांनी विचारलं, “कोण वारलं?” मी म्हणालो, “सासूबाई.” ते गोंधळले. माझ्या बायकोची, ललिताची आई गेली तेव्हा ते स्वतः एरंडोलला भेटायला आले होते. मी म्हणालो, “पहिल्या सासूबाई.” हे दोन शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते, आणि ते माझे मलाच विचित्र वाटले. वैजूला, म्हणजे माझ्या पहिल्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं दुसरं लग्न झालं, संसार मुरला, आणि तरी धुळ्यातली ही म्हातारी माझी कोण, हे सांगायला धड शब्द सापडत नव्हता. अक्का, एवढाच एक शब्द होता, आणि तोही सगळ्या गल्लीचा होता.

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.त ललिता खिडकीशी बसली होती. पारोळा मागे पडलं तरी धुकं पुरतं उठलेलं नव्हतं. वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात तशाच उभ्या होत्या, आणि बोंडांना कुठे कुठे कापसाचे चुकार पुंजके लोंबत होते. बस थांबलेली आहे आणि शेतंच हळूहळू मागे सरकताहेत असं मला वाटत राहिलं. या रस्त्याने मी इतके रविवार गेलो होतो की त्यातला कोणता कोणता होता हे आता वेगळं काढता येत नाही. सगळे रविवार एकमेकांत मिसळून एकच लांबलचक दुपार झाली आहे, आणि त्या दुपारच्या मधोमध अक्कांचं परस आहे, आणि परसात ते झाड...

वैजू आजारी पडली तेव्हा आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. उपचारांसाठी तिला मुंबईला न्यावं लागलं. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. पोळीचा तुकडा तोंडात घेतला की ती कागद चघळावा तशी चघळायची आणि बाजूला काढून ठेवायची. अक्का तिच्या उशाशी असत. खान्देशाबाहेर कधी न राहिलेली ती बाई त्या दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर अशी वावरे, की जणू तिथेच तिचं माहेर आहे. एके दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बहिणीने तपकिरी फळांचा एक घोस आणून दिला. बोराएवढी गोल फळं, वरची साल पातळ आणि जरा खरखरीत. साल काढली की आत काचेसारखा पाणीदार गर आणि त्या गरातून दिसणारी काळीभोर बी. लिचीच्या कुळातलं फळ, थायलंडकडून येतं, असं ती म्हणाली. नाव लोंगन. वैजूने एक खाल्लं, डोळे मिटले, आणि म्हणाली, “माय, अजून एक.”

त्यानंतरचे दिवस मला असेच आठवतात. मी खालच्या रस्त्यावरून फळं आणायचो. अक्का अंगठ्याच्या नखाने साल उकलायच्या, बी काढायच्या आणि गर लेकीच्या ओठांशी न्यायच्या. खिडकीतून समुद्राकडचं उजळ, पांढुरकं आभाळ दिसायचं. बिया कुठे जात होत्या याकडे माझं लक्ष नव्हतं. वैजू गेली. आम्ही धुळ्याला परत आलो तेव्हा अक्कांच्या पिशवीत ओल्या फडक्याची एक पुरचुंडी होती. मला वाटलं, देवाचा अंगारा असेल.

दिवसकार्य आटोपल्यावर मी जळगावला माझ्या नोकरीवर गेलो. पण पुढच्या रविवारी पाय आपोआप बसस्टँडकडे वळले. अक्कांना दुसरं मूलबाळ नव्हतं. आबा, म्हणजे वैजूचे वडील, आधीच गेलेले. पांझरा नदीच्या अंगाला असलेल्या त्या जुन्या वस्तीत अक्का एकट्या. मी ओसरीत जाऊन बसलो. त्यांनी चहा केला, आम्ही दोघांनी तो मुकाट्याने घेतला. बोलण्यासारखं सगळं एका माणसाबद्दल होतं आणि त्याच माणसाबद्दल बोलता येत नव्हतं. मग कपबशा उचलता उचलता अक्का म्हणाल्या, “बापू, तुम्ही येतस त्ये बरं वाटस. पन आते तुम्ही माले कोन लागतस?”

त्यात टोचणी नव्हती. खरंच पडलेला प्रश्न होता. वैजू नाही, तर जावई कसला? त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. “या, एक गंमत दखाडस तुम्हले,” म्हणत त्या मला मागच्या दारी घेऊन गेल्या. रिकाम्या तेलाच्या डब्यांत माती भरून ओळीने ठेवलेली. प्रत्येक डब्यात बोटाएवढा कोंब, आणि कोंबाच्या टोकाला पानांची जोडी. ती पानं हिरवी नव्हती. पिकल्या जांभळाचा रस पाण्यात ढवळावा तशा रंगाची, इतकी तलम की पलीकडचा उजेड त्यांतून दिसत होता. मी रंगांचा माणूस, पण तो रंग तोवर कधी माझ्या पॅलेटवर आलेला नव्हता. मी विचारलं, “कशाची रोपं आहेत ही?” अक्का म्हणाल्या, “वैजीनी खादेल फयं... त्यासन्या बिया.”

वैजूने खाल्लेल्या फळांच्या बिया. त्यानंतर मी दर रविवारी का येतो हे कुणालाच विचारावं लागलं नाही. झाडासाठी येत होतो. गल्लीतल्या लोकांना तसंच सांगितलं, एकमेकांनाही तसंच सांगितलं.

पहिल्याच हिवाळ्यात बहुतेक रोपं गेली. बाहेरच्या लोकांना धुळं म्हटलं की ऊन आठवतं, पण इथली थंडी ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. नदीकाठचा गारठा पहाटे परसात उतरायचा आणि उन्हं चांगली वर येईपर्यंत तिथेच दबा धरून बसायचा. गल्लीच्या तोंडाशी ऊन आलेलं असे तेव्हाही अक्कांच्या परसात ओल्या फरशीवरून पाय टाकवत नसे. त्या दिवसांत एकेका डब्यातली पानं काळी पडून गळाली. मी एका रोपवाटिकेत चौकशी केली तर तिथले गृहस्थ हसले. उन्हाळ्यात होरपळणार, हिवाळ्यात गोठणार, कशाला हा खटाटोप, म्हणाले. अक्कांना ते सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “मंग आपून काय करतस? तेच ना!” त्यांचं म्हणणं, इथल्या माणसांचं तरी दुसरं काय होतं?

एकच रोप वाचलं. ते भिंतीलगतच्या डब्यात होतं. दिवसभर तापलेली भिंत रात्रीही थोडी ऊब देत असावी. आम्ही ते तिथेच जमिनीत लावलं. भिंतीच्या पलीकडे नसीमभाभींचं घर. त्यांचे मालक रऊफभाई पिंजारी. थंडीच्या दिवसांत त्यांच्याकडे रजया भरायच्या कामाला उसंत नसे. लोकांच्या जुन्या रजयांतून निघालेला गोळामोळा कापूस ते पोत्यात भरून ठेवत. अक्कांच्या रोपाची कहाणी भाभींकडून कळल्यावर रऊफभाईंनी त्या कापसाची एक लांबट, अरुंद रजई शिवून दिली. मापाला रोपाची उंची घेतली होती. “बच्चे की गोदड़ी है, अक्का,” म्हणाले. झाड वाढलं तशी दर एक-दोन हिवाळ्यांनी नवी रजई आली. दिवाळी झाली की रविवारी आम्ही दोघं ती झाडाभोवती गुंडाळायचो, सुतळीने बांधायचो, शेंड्यावर गोणपाट घालायचो. सकाळी ऊन आलं की अक्का पांघरूण सोडत, कलतं झालं की पुन्हा घालत. आणि हिवाळाभर त्याला कोमट पाणी! नळाचं पाणी गार लागेल म्हणून बंबातलं एक तांब्याभर पाणी विसण घालून त्याला रोज मिळे.

उन्हाळ्यातल्या तऱ्हा वेगळ्या. एकदा मे महिन्यात दुपारी पोचलो तर अक्का खोलीत पदराने वारा घेत बसलेल्या, घामाने थबथबलेल्या. मी म्हटलं, “कूलर बिघडला का?” त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. कूलर दारात उभा होता, तोंड परसाकडे. वाळ्याचा ओला वास झाडावरून फिरत होता आणि त्याची तांबूस पानं डुलत होती. भिंतीवरून नसीमभाभी हसून हसून बेजार. “हमको भी पेड़ बना दो अक्का!” म्हणत होत्या. अक्का न हसता म्हणाल्या, “तू धुयानी शे. त्ये पाव्हनं शे.” भाभी धुळ्याच्याच, त्यांचं काय कौतुक? झाड मात्र पाहुणं होतं.

नाव त्यांना कधीच नीट आलं नाही. त्या त्याला ‘लवंगन’ म्हणत. गल्लीत तेच नाव पडलं. लोकांना वाटे लवंगेचं झाड आहे. कुणाची दाढ दुखली की ते अक्कांकडे पानं मागायला येत.

झाड भिंतीच्या वर गेलं. खोडाला सुरकुत्या पडल्या. उन्हात बसवेनासं झालं की आम्ही त्याच्या सावलीत खाट टाकायचो. जेवण झालं की अक्का भिंतीला टेकून डुलकी काढत आणि मी पानं काढत बसे. एका देठाला समोरासमोर जोड्या, वरून चकचकीत, खालून फिकट, मधली शीर जरा उचललेली. किती कागद भरले असतील! पानांमधून उजेडाचे कवडसे अक्कांच्या लुगड्यावर पडायचे आणि वारा आला की ते सगळं लुगडं पाण्यासारखं हलायचं. कधी त्या झोपेतच काहीतरी पुटपुटत. कधी मलाही डोळा लागे, आणि जागा झालो की क्षणभर वाटे, आत वैजू भांडी लावते आहे... पण बियांचं सांगितलं त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी तिचं नाव घेतलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. झाडाबद्दल मात्र तासन्‌तास बोलायचो. पान का सुकलं, मुंग्या का लागल्या, यंदा फूट उशिरा का. फूल येत नव्हतं, ही एक गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा यायची. दरसाल माघ संपेपर्यंत अक्का फांद्यांची टोकं चाचपून बघत, आणि दरसाल तिथून नुसती नवी पानं निघत.

ललिता एरंडोलच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चित्रकलेच्या परीक्षांच्या निमित्ताने ओळख झाली. चाळिशीला आलेली, लग्न न केलेली, मोजकं बोलणारी. आमचं ठरलं तेव्हा मी म्हणालो, आधी एका ठिकाणी सांगायचं आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी अक्कांनी पेटीतून रजई काढून खाटेवर पसरली होती आणि कुठे उसवली आहे का ते बघत होत्या. मी दुसरं टोक धरलं आणि सांगून टाकलं. अक्का सुई ओवत होत्या. दोरा सुईत गेला नाही. त्यांनी तो ओठांत धरून ओला केला, पुन्हा ओवला. पुन्हा गेला नाही. मी हात पुढे केला तर त्यांनी सुई माझ्याकडे दिली नाही. मग रजईवर नजर ठेवून म्हणाल्या, “कव्हय आनतस तिले?”

कधी आणता तिला... मी म्हटलं, पुढच्या रविवारी. “नही,” अक्का म्हणाल्या. “पहिले लगीन करा. मंग मीच येस तठे.”

आणि खरंच आल्या. लग्न जळगावला, घरातल्या घरात झालं. वैजूच्या आईने त्या लग्नाला यावं याचं आमच्या नात्यातल्या बायकांना नवल वाटलं. एकीने तर तोंडावर विचारलं. अक्कांनी तिला फक्त हातातल्या अक्षता दाखवल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत जाणार होत्या, झाडाला पांघरूण घालायचं राहिलं होतं. पण सकाळी त्यांच्या अंगात कणकण होती आणि संध्याकाळपर्यंत ताप चढला. डॉक्टरांनी छातीत कफ सांगितला, प्रवास नको म्हणाले. नवी नवरी म्हणून घरात पाऊल टाकलेली ललिता पहिल्याच आठवड्यात अक्कांच्या उशाशी बसून त्यांना शेक देत होती.

ताप उतरला तरी अशक्तपणा जाईना. त्यात बातम्या यायला लागल्या की धुळ्यात यंदा कडाक्याची थंडी आहे. अक्कांनी नसीमभाभींना फोन लावायला सांगितलं. भाभी आणि रऊफभाई मालेगावला होते, लेकीच्या बाळंतपणासाठी. घराला कुलूप. मी म्हणालो, मी जाऊन येतो. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर होतं. आज जातो, उद्या जातो करत होतो. अक्काच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. आते त्ये गये व्हई.” आता ते गेलंच असेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. त्यानंतर त्यांनी झाडाचा विषय काढला नाही. दिवसभर गॅलरीतल्या उन्हात बसून असत. ललिता शाळेतून आली की त्यांच्या पायाशी बसून वाटाणे सोलायची, मेथी निवडायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. पण मी घरी आलो की त्या दोघींच्या मधली ती शांतता मला खोलीच्या दारातूनच जाणवायची, आणि ती वाईट नव्हती.

थंडी सरल्यावर आम्ही तिघं धुळ्याला गेलो. कुलूप मी काढलं. घरात बंद हवेचा वास होता. रजई खाटेवर तशीच पसरलेली, तिच्यावर सुईसुद्धा टोचलेली. अक्का ओसरीवरच बसल्या. “ललिता, तू दखी ये,” म्हणाल्या. त्या तिला नावाने आणि ‘तू’ म्हणून पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. ललिताने ते झाड कधी पाहिलेलं नव्हतं. ती मागचं दार उघडून गेली. आत काहीच ऐकू येईना. मग तिचा आवाज आला, “अक्का, याला नेहमी इतक्या मधमाश्या असतात?”

अक्का कशा उठल्या, कशा चालत गेल्या ते मला दिसलंच नाही. मी पोचलो तेव्हा त्या झाडाखाली उभ्या होत्या. बाहेरच्या अंगाची पानं थंडीने करपली होती, एक-दोन कोवळ्या फांद्या वाळल्या होत्या. पण उरलेल्या फांद्यांच्या टोकांना उभे तुरे आले होते. मोहरासारखे, पिवळसर, मातकट रंगाचे, डोळ्यांत भरावं असं त्यांत काही नाही. पण सबंध झाड गुणगुणत होतं. दुरून चालू असलेल्या तंबोऱ्यासारखा आवाज होता तो. अक्कांनी एका तुऱ्याखाली तळहात धरला. त्यावर बारीक फुलं गळून पडत राहिली. त्या म्हणाल्या, “मी त्याले भलतंच जपं, बापू.”

फारच जपलं मी त्याला. पुढे फळबागांतल्या एका जाणकाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, रोप लहान असताना गारठ्यापासून जपावंच लागतं. पण एकदा झाड मोठं झालं, की फुलायला त्याला हिवाळ्यात थोडा गारठा आणि थोडी तहान सोसावी लागते. आम्ही त्याला दोन्ही मिळू दिलं नव्हतं. मी हे अक्कांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते कळून चुकलेलं होतं, आणि झाडापुरतंच नसावं. त्या दिवसापासून त्या मला दर रविवारी ‘येतस ना?’ असं विचारेनाशा झाल्या. “सवड व्हई तव्हय या, दोन्हीजन,” म्हणू लागल्या.

वैशाखाच्या झळांत फळं पटापटा गळाली. परसात सकाळी हिरव्या दाण्यांचा सडा पडे. शेवटी एक घोस राहिला. अक्कांनी जुन्या धोतराची पिशवी शिवून त्याच्यावर बांधली, खारींना फसवायला. श्रावणात तो उतरवला. मी, ललिता, अक्का, आणि भिंतीपलीकडे नसीमभाभी, रऊफभाई. ताटलीत फळं ठेवली. अक्कांनी पहिलं फळ हातात घेतलं, अंगठ्याच्या नखाने साल उकलली... आणि त्यांचा हात नकळत बाजूला, हवेत, ओठांच्या उंचीला गेला. तिथे ललिता बसली होती. ललिताने तोंड उघडलं आणि ते खाल्लं.

दुसरं फळ अक्कांनी स्वतःच्या तोंडात टाकलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की त्यांनी हे फळ यापूर्वी कधी खाल्लंच नव्हतं. मुंबईत सोललेलं प्रत्येक फळ वैजूला गेलं होतं. चव काय असते हे ठाऊक नसताना त्यांनी इतकी वर्षं हे झाड वाढवलं होतं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी ते जिभेने इकडून तिकडे फिरवलं, बी तळहातावर काढली. बियांपासून आलेलं झाड ते, गर जेमतेम आणि बाकी सगळी बीच. “बीच शे बठ्ठी!” अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, “आनि गोड पानी.” भाभी फस्‌कन हसल्या, आणि मग अक्काही हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पदराने डोळे पुसले तरी पाणी थांबेना.

ललिताने विचारलं, “वैजूताई लहानपणी कशा होत्या, अक्का?”

इतक्या वर्षांत जे मला जमलं नव्हतं ते तिने सहज विचारलं. मला वाटलं, आता अक्का उठून आत जातील. पण त्यांनी बी मुठीत घेतली आणि सांगायला सुरुवात केली. वैजू बोलायला उशिरा लागली. तिला मांजरांची भीती वाटे. शाळेत गाण्यात पहिली आली आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर जाईना. एकदा आबांवर रुसून नदीच्या पात्रातल्या खडकावर जाऊन बसली आणि तिथेच झोपली. सगळी गल्ली शोधत फिरत होती... यातलं काहीच मला माहीत नव्हतं. लग्नानंतरची वैजू माझी होती, पण ही वैजू आजवर माझ्या नजरेस पडली नव्हती. दुपार कलली, ताटलीवर साली वाळल्या, रऊफभाई कामाला निघून गेले, आणि अक्का बोलतच होत्या. मधूनच नसीमभाभी म्हणत, “और वो पतंग का बताओ ना अक्का.” म्हणजे भाभींना सगळं ठाऊक होतं. भिंतीवरून त्या दोघी वर्षानुवर्षं हेच बोलत आल्या होत्या.

त्यानंतर अक्का आणखी काही वर्षं होत्या. हिवाळ्यात झाड उघडं राही. फळं कधी टोपलीभर, कधी ओंजळभर. अक्का थकत गेल्या, पाठीतून वाकल्या. जळगावला चला म्हटलं की म्हणत, “तठे परस कोठे शे?” शेवटची भेट दत्तजयंतीच्या सुमाराची. खाटेवर उन्हात बसल्या होत्या, पाय पुढे पसरून. ललिता त्यांच्या केसांना तेल लावत होती. मला म्हणाल्या, “बापू, झाडना खाले पानी नका टाकू आते, थंडी पडू द्या.” माघाच्या मोहराची तयारी मार्गशीर्षातच चालू होती. मग डोळे मिटून त्या ललिताच्या हाताखाली डुलत राहिल्या. मी तेवढं रेखाटून घेतलं, पण चेहरा जमला नाही.

दहाव्याला पांझरेवर गेलो. क्रिया अक्कांच्या सुरतेच्या पुतण्याने केली. भला माणूस आहे, घराची किल्ली तूर्त आमच्याकडेच राहू दिली त्याने. गुरुजी एकेकाला पुढे बोलवत होते. नातं विचारत, तिलांजली द्यायला सांगत. माझ्यापाशी आले तेव्हा मी पुन्हा अडखळलो. पुतण्यानेच सांगितलं, “जावई.” मग गुरुजींनी ललिताकडे पाहिलं. “या कोण?” मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “मुलगी.” पुतण्याने वर पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं की अक्कांना एकच मुलगी होती. ललिताने ओंजळ पुढे केली आणि पाणी सोडलं. नदीचं पाणी थोडंसंच होतं, दगडांच्या मधून वळसे घेत जाणारं. थोडा वेळ तीळ त्याच्यावर तरंगताना दिसले.

गेल्या रविवारी आम्ही घर झाडायला गेलो होतो. झाडाच्या फांद्यांची टोकं मी चाचपून पाहिली. अजून काही सांगता येत नाही. कदाचित उशीर असेल, कदाचित यंदा नसेलही. ललिताने ओसरी पुसून घेतली. मी कागदांचे गठ्ठे बांधले. पानांची ती सगळी चित्रं अक्कांनी गादीखाली सपाट ठेवली होती. चारच्या सुमाराला आम्ही निघालो.

अक्कांची एक लकब होती, तिच्याबद्दल मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी “येतो” म्हणालो की त्या हो म्हणत, आणि मी पिशवी उचलेपर्यंत गुपचूप बाहेर जाऊन माझ्या चपला उलट्या फिरवून ठेवत, टोकं घराकडे. मग मला त्या सरळ करण्यासाठी खाली वाकावं लागे, आणि तेवढ्यात त्यांना आणखी एक काहीतरी आठवे. लोणचं द्यायचं राहिलं, चहा टाकते, पाचची गाडी मिळेल ना... दर रविवारी. आम्ही दोघांनीही त्याचा उल्लेख कधी केला नाही.

दाराला कुलूप लावायच्या आधी मी बाहेर आलो तर पायरीवर माझ्या दोन्ही चपला होत्या, टोकं घराकडे. भिंतीपाशी नसीमभाभी दुसरीकडेच बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातात दुधाचं पातेलं होतं. “अभी चाय बना रही थी,” त्या म्हणाल्या. “पाँच की गाड़ी है ना... मिल जायेगी.”

मी किल्ली ललिताकडे दिली आणि परत आत जाऊन बसलो.